तीन इंचांचे पाते

गेल्या मार्चमध्ये उमरेडकडच्या एका गावी भाच्याच्या वावरात गव्हाची कापणी चालू होती आणि मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून ती पाहत होतो. पंजाबातून आलेले हार्वेस्टर दोन फेऱ्या नीट मारून तिसऱ्या फेरीत थांबले, कारण जमिनीतून वर आलेला एक दगड त्याच्या कटर बारमध्ये, म्हणजे कापणाऱ्या ब्लेडांच्या पट्टीत, सापडला होता. चालक खाली उतरला, गुडघे टेकून बसला, छिन्नीने रिव्हेटची डोकी उडवली, दोन मोडकी ब्लेडे काढली, त्यांच्या जागी नवी ठेवून ठोकली आणि पंधरा मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू झाले. त्याने बाजूला फेकलेले एक ब्लेड मी उचलून रुमालात गुंडाळले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मामाजी, भंगार कायले नेता घरी?"

आयुष्यभर तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत मुलांना कानस आणि छिन्नी धरायला शिकवलेल्या माणसाला भंगाराचा मोह सुटत नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण या तुकड्याची गोष्ट निराळी होती. तो त्रिकोणी आहे, पायाशी तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटरांहून किंचित अधिक रुंद, दोन्ही तिरप्या कडांना धार, धारेवर बारीक दाते आणि पायाशी रिव्हेटसाठी दोन भोके. हार्वेस्टरमध्ये इंजिन आहे, हायड्रॉलिक आहे, वातानुकूलित कक्षही असतो. परंतु उभ्या पिकाला प्रत्यक्ष स्पर्श करणारा हा भाग घोड्यांनी ओढायच्या यंत्रांच्या काळातला आहे आणि त्याचे रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही. त्या काळातल्या सुधारणांचा इतिहास सांगताना 'शोध कोणी लावला' या वादातच बहुतेकांचा वेळ जातो. माझ्या कारागिरी नजरेला त्यात वेगळेच काही दिसते. प्रत्येक सुधारणेने एक अडचण सोडवली आणि त्यामागे उभी असलेली दुसरी अडचण उघडी केली, आणि हा क्रम सुमारे पन्नास वर्षे चालला.

प्रथम हाताने सोंगणी कशी होते ते पाहिले पाहिजे, कारण यंत्र करणाऱ्यांना नक्कल तिचीच करायची होती. सोंगणारी बाई डाव्या मुठीत ताटे धरते, उजव्या हातातला दातेरी इळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढते आणि मूठ भरली की कडपा बाजूला टाकते. मागून कोणी तरी कडपे गोळा करून पेंढी बांधते. आपले सगळे लक्ष इळ्याकडे जाते. परंतु अर्धे काम डाव्या हाताचे आहे. धरून न ठेवलेले ताट धारेपुढे वाकते, निसटते आणि मागे पुन्हा उभे राहते. युरोपातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी अनेक प्रयत्न नेमके येथेच अडखळले. त्यांनी विळ्याचे किंवा लांब दांड्याच्या कोयत्याचे पाते गोल फिरते केले. स्कॉटलंडमधल्या डीन्स्टनच्या स्मिथने १८११ च्या सुमारास फिरत्या पिंपाच्या बुडाला गोल पाते लावलेले यंत्र केले. पाते फिरत होते, पण डाव्या हाताचे काम करणारे कोणी नव्हते.

ते काम ज्याने नीट ओळखले, तो स्कॉटलंडच्या अँगस परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा पॅट्रिक बेल. तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. बागेतली कुंपणे छाटण्याची कात्री पाहून त्याला कल्पना सुचली. कात्रीत एका पात्याने धरायचे आणि दुसऱ्याने कापायचे, म्हणजे डावा हात तिच्यातच आला. त्याने यंत्राच्या पुढच्या कडेला अशा कात्र्यांची रांग बसवली. खालची पाती स्थिर आणि वरची हलती. त्याची परीक्षा घेण्याची पद्धत मला फार आवडते. त्याने एका बंद छपरात माती पसरली, जुन्या ओटच्या पेंढीतले एक एक ताट त्या मातीत, शेतात उभे असते तितक्या दाटीने रोवले आणि यंत्र स्वतःच त्यातून ढकलत नेले. सगळी ताटे कापली गेली. परंतु ती अस्ताव्यस्त पडली, कोणाची ओंबी इकडे तर कोणाची तिकडे, आणि अशा गुंत्याची पेंढी कोणाला बांधता येणार? मग त्याने पात्यांच्या मागे कॅनव्हासचा फिरता पट्टा लावला, जो कापलेले पीक एका बाजूला नेऊन सरळ ओळीत टाकील, आणि पुढे फिरता रहाट बसवला, जो उभे पीक हलकेच मागे झुकवून पात्यांवर आणील. यंत्रवाले या रहाटाला 'रील' म्हणतात. आजच्या हार्वेस्टरच्या तोंडाशी फिरणारा पिंजरा तो हाच.

१८२८ च्या पिकावर त्याने आणि त्याच्या भावाने शेतातली पहिली परीक्षा रात्री घेतली, कारण फजिती झालीच तर शेजाऱ्यांनी ती पाहू नये. घोडा जुंपून ते अंधारात निघाले आणि शेतात पोहोचल्यावर ध्यानात आले की रील घरीच राहिले आहे. रीलविना यंत्र चालवले तेव्हा पीक विस्कटून पडले. रील आणून लावल्यावर काम साधले. प्रयोगशाळेत एखादा भाग मुद्दाम काढून त्याचे महत्त्व तपासतात, तो प्रयोग येथे विसरभोळेपणामुळे आपोआप झाला. बेलने या यंत्राचे पेटंट घेतले नाही. हायलँड सोसायटीने त्याला ५० पौंडांचे बक्षीस दिले आणि पुढे तो कारमायली गावाचा धर्मोपदेशक झाला.

बेलच्या यंत्रात एक मोठी अडचण राहिली होती. घोडे पुढे जुंपले तर ते उभे पीक तुडवणार, म्हणून त्याने ते मागे जुंपले आणि त्यांच्याकडून यंत्र ढकलून घेतले. हातगाडी ढकलताना तिचे तोंड कसे भरकटते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला दोन घोड्यांनी ढकललेले जड यंत्र सरळ रेषेत ठेवणे किती कठीण असेल हे सांगावे लागणार नाही. याचे उत्तर अमेरिकेत दिले गेले. व्हर्जिनिया राज्यातल्या रॉकब्रिज परगण्यात रॉबर्ट मॅककॉर्मिक नावाचा शेतकरी कापणीयंत्राशी वर्षानुवर्षे झटत होता. त्याच्या सायरस या मुलाने १८३१ मध्ये स्टील्स टॅव्हर्न या ठिकाणी शेजाऱ्याच्या शेतात आपले यंत्र चालवून दाखवले आणि सुमारे सहा एकर ओट कापले. यंत्र घडवताना सायरसच्या हाताशी 'जो अँडरसन' नावाचा एक गुलाम होता, आणि त्याचे नाव पुष्कळ काळ या इतिहासाच्या कडेलाच राहिले. या यंत्रात घोडे पुढे होते, पण पात्यांच्या रेषेत नव्हते. ते आधीच्या फेरीत कापून मोकळ्या झालेल्या जमिनीवरून चालत आणि पाती त्यांच्या बाजूला बाहेर आलेली असत. ओढ एका बाजूला पडल्यामुळे यंत्र तिरपे होऊ पाहते, हा दोष त्यात होता. परंतु ढकलण्याच्या त्रासापेक्षा तो बरा. बाहेरच्या टोकाला एक टोकदार फळी होती, जी कापायचे पीक आणि न कापायचे पीक यांची फारकत करी. अशा फळीशिवाय टोकाशी ताटे गुंतून यंत्र अडते.

मॅककॉर्मिकने पेटंट घेतले २१ जून १८३४ रोजी. त्याच्या सहा महिने आधी, ३१ डिसेंबर १८३३ रोजी, ओबेड हसी नावाच्या गृहस्थाने आपले पेटंट घेतले होते. हसी पूर्वी खलाशी होता. माझ्या रुमालातल्या त्रिकोणाचे मूळ त्याच्याकडे जाते.

मॅककॉर्मिकचे सुरुवातीचे पाते म्हणजे एक लांब सरळ पट्टी होती, तिची धार इळ्यासारखी दातेरी, आणि ती आडवी मागेपुढे सरकत असे. हसीने सलग पात्याऐवजी लोखंडी पट्टीवर त्रिकोणी पोलादी तुकडे रिव्हेट केले आणि ती पट्टी बोटांसारख्या पुढे आलेल्या दात्यांमधून सरकवली. हार्वेस्टरवरची माणसे या दात्यांना 'फिंगर'च म्हणतात. प्रत्येक फिंगरला मधोमध खाच असते आणि त्रिकोण त्या खाचेतून आरपार जातो. त्यामुळे ताटाला आधार पात्याच्या वरही मिळतो आणि खालीही, म्हणजे ताट दोन बाजूंनी धरून मधे कापले जाते. साधी कात्री सैल झाली की कागद दोन पात्यांमध्ये दुमडून अडकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन्ही बाजूंनी आधार असला की दुमडायला जागाच उरत नाही. बेलच्या कात्रीत डावा हात एक होता, हसीने दोन दिले. शिवाय एखादा तुकडा मोडला तर तेवढाच बदलता येतो, सगळे पाते फेकावे लागत नाही. उमरेडच्या त्या वावरात पंधरा मिनिटांत काम उरकले ते याच कारणाने.

तरीही खाच चोंदत असे. ओलसर पाला आणि चिपाडाचा चुरा खाचेत दाबला जाऊन पट्टी जाम होई. १८४७ मध्ये हसीने खाचेचा मागचा भाग वरून उघडा ठेवण्याचे पेटंट घेतले, म्हणजे आत शिरलेला कचरा पात्यानेच ढकलून बाहेर पडावा. एवढीशी फट! पण ज्याने चोंदलेले यंत्र उन्हात उभे राहून बोटांनी उकरले असेल, त्याला ती एवढीशी वाटणार नाही. पुढच्या काळात सर्वांच्या यंत्रांत जे पाते स्थिरावले, त्यात त्रिकोण आणि उघडी खाच हसीची आहेत आणि धारेवरचे दाते मॅककॉर्मिकच्या पात्याची आठवण देतात. दोन भांडखोर माणसे त्या तीन इंचांत एकत्र नांदत आहेत.

येथे शक्तीचा प्रश्न येतो. या यंत्रांत इंजिन नव्हते. जमिनीवरून फिरणाऱ्या मुख्य चाकापासून दातेरी चक्रांनी गती घेऊन ती क्रँकला, म्हणजे गोल गतीची मागेपुढे गती करणाऱ्या वाकड्या दांड्याला, द्यायची आणि क्रँकला जोडलेल्या दांड्याने पट्टी मागेपुढे हलवायची, अशी रचना होती. समजुतीसाठी मी वहीत मांडलेला हिशोब असा: चाकाचा व्यास तीन फूट धरला तर परीघ सुमारे ११३ इंच होतो; चाकाच्या एका फेऱ्यात क्रँक वीस वेळा फिरली तर पट्टीचे चाळीस हेलकावे होतात, म्हणजे यंत्र पावणेतीन ते तीन इंच पुढे सरकताना पाते एकदा आडवे जाते. घोडा हळू चालो वा जोरात, हे प्रमाण बदलत नाही. बदलतो तो पात्याचा वेग. घोडा रेंगाळला की पाते ताटाला कापण्याऐवजी रेटू लागते आणि पट्टी अडते. पट्टी अडली की चाक फिरायचे थांबून जमिनीवर घसरते, आणि ओल्या जमिनीत तर ते नुसतेच घसरत राहते. म्हणूनच मुख्य चाक रुंद, जड आणि कडेला खाचा पाडलेले करत. आपल्याकडे बैलजोडीच्या चालीवर असे यंत्र चालवायचे तर दातेरी चक्रांचे प्रमाण बरेच वाढवावे लागेल आणि मग ओढ जड होईल. वखर आणि डवरा यांना चाल संथ असली तरी चालते. कापणीच्या पात्याला ती चालत नाही.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही अमेरिकन यंत्रे आली तेव्हा 'टाइम्स'ने मॅककॉर्मिकच्या यंत्राची सर्कशीतला रथ, हातगाडी आणि उडते यंत्र यांची खिचडी म्हणून थट्टा केली. मग टिपट्री हॉल येथल्या शेतात, पावसाने ओल्या आणि अजून हिरव्या असलेल्या गव्हात परीक्षा झाली आणि मॅककॉर्मिकच्या यंत्राने चोख काम केले. हसी स्वतः तेथे नव्हता आणि अनोळखी हातांत त्याचे यंत्र अडखळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हसी स्वतः हजर असताना झालेल्या दुसऱ्या एका परीक्षेत निकाल त्याच्या बाजूने लागला. यंत्र चालवणाऱ्याचा हात हाही यंत्राचाच एक भाग असतो, हे आम्ही कर्मशाळेतली माणसे सांगून थकलो. १८६० मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका लहान मुलासाठी पाणी आणायला उतरलेला हसी गाडीत परत चढताना चाकांखाली सापडून गेला. मॅककॉर्मिक तोवर शिकागोला कारखाना काढून श्रीमंत झाला होता.

कापण्याचा प्रश्न असा मिटत आला तेव्हा पुढचा उभा राहिला. कापलेले पीक यंत्राच्या फळीवर साचते; ते उतरवायचे कोणी? मॅककॉर्मिकच्या पहिल्या यंत्रात एक माणूस बाजूने चालत चालत दंताळ्याने ते ओढून खाली टाकत असे, आणि घोड्यांच्या चालीबरोबर चालताना हे काम दिवसभर करणे म्हणजे काय असेल याची कल्पना करावी. हसीने त्या माणसाला यंत्रावर बसवले, परंतु त्याचे पीक मागे पडे, आणि पुढच्या फेरीत घोडे तेथूनच येणार असल्यामुळे आधी ते उचलून घ्यावेच लागे. मॅककॉर्मिकचे बाजूला पडे, त्यामुळे बांधणाऱ्यांना सवड मिळे. १८४७ च्या पेटंटात मॅककॉर्मिकनेही दंताळेवाल्यासाठी बैठक दिली. ही बैठक आणि ती फारकतीची फळी यांच्यावरून त्याने जॉन मॅनी या कारखानदारावर दावा लावला. मॅनीच्या बाजूने नेमलेल्या वकिलांत अब्राहम लिंकनही होता, पण १८५५ मध्ये सिनसिनाटीला खटला उभा राहिला तेव्हा बरोबरच्या मोठ्या वकिलांनी त्याला बोलूच दिले नाही. निकाल मॅनीच्या बाजूने लागला.

पुढची पायरी म्हणजे बसलेला माणूसही नको. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीस फळी चौकोनी न ठेवता वर्तुळाच्या चतुर्थांशासारखी करण्याची युक्ती निघाली, म्हणजे दंताळे एका खुंट्याभोवती फिरत पीक गोलाईने ओढून बाजूला टाकू शकेल. इलिनॉयमधल्या जिअरम अॅटकिन्स या अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या कारागिराने १८५२ मध्ये माणसाच्या हातासारखा कोपरात वाकणारा दंताळ्याचा हात केला आणि लोक त्याला 'लोखंडी माणूस' म्हणू लागले. रचना विलक्षण होती. परंतु ती बनवणाऱ्याने एका हंगामात नीट न वाळलेले लाकूड वापरले आणि उन्हात ते वाकल्यावर यंत्रांची पत गेली. नागपूरच्या इतवारीत सागाच्या नावाखाली ओले लाकूड घेऊन घरी आलेल्या माणसाला याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. १८५६ मध्ये मेरीलँडच्या ओवेन डॉर्सीने त्याहून साधा मार्ग काढला. त्याने रील आणि दंताळे एकच केले. फिरणाऱ्या हातांपैकी काही पीक झुकवीत आणि एखादा खाली येऊन फळी झाडून नेई.

आता उरली बांधणी. यंत्र दिवसाला दहा-बारा एकर कापू लागले आणि मागे पेंढ्या बांधणारी माणसे वाकून वाकून मेटाकुटीस आली. मार्श या दोघा भावांनी १८५८ मध्ये कॅनव्हासच्या पट्ट्यांवरून पीक वर चढवून कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर आणले, आणि दोन माणसे यंत्रावर उभ्या उभ्या पेंढ्या बांधू लागली. वाकणे गेले. आणि पीक एका ठिकाणी, एका उंचीवर, सतत येऊ लागल्यामुळे तेथे माणसाऐवजी यंत्र उभे करता येईल हेही स्पष्ट झाले. विस्कॉन्सिनच्या चार्ल्स विदिंग्टनने १८७२ मध्ये तारेने पेंढी बांधणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, कारण तारेला गाठ मारावी लागत नाही, दोन टोके पिळली की झाले. बांधणी उत्तम होई. पण तारेचे तुकडे गव्हांड्यातून गुरांच्या पोटात जात आणि दाण्यातून गिरणीत. शेतकऱ्यांना सुतळी हवी होती आणि सुतळीला गाठ लागते.

विस्कॉन्सिनचाच जॉन अॅपलबी याने ही गाठ सोडवली, किंवा खरे म्हणजे मारली, आणि त्याचे पेटंट १८७८-७९ चे आहे. वक्राकार सुई सुतळी घेऊन पेंढीला वळसा घालते आणि दोन्ही पदर एका लहानशा वाकड्या चोचीवर आणून ठेवते. चोच स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते, त्यामुळे तिच्या मानेवर सुतळीचा फास पडतो. फेरा संपता संपता तिचा जबडा उघडतो, पुढे आलेले दोन्ही पदर पकडतो आणि मिटतो. मागून सुरी सुतळी कापते. पेंढी बाहेर ढकलली जाताना मानेवरचा फास चोचीवरून घसरतो, जबड्यात धरलेली टोके त्या फासातून ओढली जातात, आणि गाठ बसते. विल्यम डीअरिंग या कारखानदाराने १८८० च्या हंगामासाठी अशी ३००० यंत्रे बाजारात आणली आणि तारेचा जमाना थोड्याच वर्षांत संपला. अमेरिकेतल्याच हायरम मूरचे कापणी आणि मळणी एकत्र करणारे अवाढव्य यंत्र १८३६ पासून अस्तित्वात होते, पण त्याला सोळा-वीस घोडे लागत, आणि एवढे घोडे पोसणे सामान्य कास्तकाराच्या आवाक्याबाहेरचे होते.

हे वाचून समजले म्हणणे सोपे आहे, म्हणून मी गॅलरीत बसून पितळेच्या पट्टीची एक चोच कानसून केली आणि हँडलने फिरवून सुतळीला गाठ मारण्याचा प्रयत्न केला. दहा प्रयत्नांत तीन गाठी बसल्या. चुकत होते ते जबडा मिटण्याच्या क्षणात. किंचित आधी मिटला तर पदर सापडत नाहीत, किंचित उशिरा मिटला तर फास आधीच घसरून जातो. पुढे मौद्याकडे एका ओळखीच्या कास्तकाराकडे धानाच्या तणसीचे गठ्ठे बांधणारे बेलर आले, तेव्हा मी तेथे गेलो. मालकाने झाकण उघडून दाखवले. आत तीच वाकडी चोच होती, पोलादी आणि घासून चकचकीत झालेली. त्याने शाफ्ट हाताने सावकाश फिरवला आणि मी पाहिले की जबड्याच्या मागे एक लहान रोलर एका चढावर चढून त्याला उघडतो, आणि मिटण्याचे काम बाहेरून दाब देणारी स्प्रिंग करते. माझ्या चोचीत स्प्रिंग नव्हती. मी बोटानेच जबडा दाबत होतो.